सील तिथेच राहतो तेव्हा

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर लिंकनशायर आणि नॉरफोक यांच्या मध्ये समुद्र आत घुसून एक मोठा, चौकोनी उपसागर झाला आहे. त्याला ‘द वॉश’ म्हणतात. ओहोटी लागली की तिथे वाळूचे लांबलचक पट्टे उघडे पडतात आणि अंगावर ठिपके असलेले हार्बर सील त्यांवर कळपाने येऊन पहुडतात. पोट भरायला मात्र त्यांना समुद्रातच दूरवर जावं लागतं.

2012 साली याच भागात, लिंकनशायरच्या किनाऱ्यासमोर, लिंक्स नावाच्या पवनऊर्जा प्रकल्पाचं काम चालू होतं. समुद्रात पवनचक्की उभी करायची तर बहुतेक वेळा आधी पोलादाचा जाडजूड पोकळ खांब तळात ठोकावा लागतो. यांत्रिक हातोडा घावामागून घाव घालत राहतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक, आणि कितीतरी लांबवर ऐकू येतो. सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या काळात वॉशमधल्या वीसेक सीलांच्या मानेमागच्या केसांवर छोटी यंत्रं चिकटवली. सील कुठे आहे, किती खोल बुडी मारतो, हे यंत्र टिपून ठेवतं आणि किनाऱ्याजवळ मोबाइलचं नेटवर्क मिळालं की ती माहिती पाठवून देतं. वर्षातून एकदा सीलाचे केस गळतात, त्यांच्याबरोबर यंत्रही गळून पडतं. जनावराला ते ओझं जन्मभर वाहावं लागत नाही, ही त्यातली मला फार आवडलेली गोष्ट.

हातोडा चालू असताना 25 किलोमीटरपर्यंतच्या पाण्यातला सीलांचा वावर कमी झालेला दिसला. प्रकल्पाच्या भोवतालच्या या टापूत मधल्या विश्रांतीच्या वेळेपेक्षा ही घट 19 ते 83 टक्क्यांच्या दरम्यान असावी, असा संशोधकांचा अंदाज. ठोकणं थांबलं की दोन तासांच्या आत सील पुन्हा नेहमीसारखे पसरत.

दोन तासांत परत येतात, हे वाचून प्रथम बरं वाटतं. पण त्याच सीलांच्या नोंदी घेऊन दुसरा एक हिशोब मांडला गेला: कोणता सील खांबापासून किती अंतरावर होता आणि त्याच्या कानावर एकूण किती आवाज पडला असेल. त्या हिशोबाप्रमाणे यंत्र लावलेल्या सीलांपैकी निम्म्यांच्या कानांवर कायमची इजा होण्याइतका आवाज पडला असावा. ऐकू कमी येऊ लागलेला सील वाळूवर पहुडलेला असतो तेव्हा अगदी धडधाकट दिसतो. मोजणाऱ्याच्या वहीत तो ‘परत आला’ म्हणूनच लागतो.

या सीलाला बाहेरून कान दिसतच नाही. डोळ्यामागे एक बारीकसं छिद्र, तेवढंच. बुडी मारताना ते मिटतं, ते पाणी अडवायला. आवाज त्याने अडत नाही. मधल्या कानाच्या आतलं अस्तर खोल पाण्यात रक्ताने फुगतं आणि वाढता दाब सोसतं. माणसाच्या कानाला न पोचणाऱ्या कितीतरी वरच्या पट्टीतले आवाजही त्याला पाण्याखाली ऐकू येतात. गढूळ, अंधाऱ्या पाण्यात जगणाऱ्या जनावराला हा कान लागतोच. विणीच्या हंगामात नर पाण्याखालून खर्जातली डरकाळी देतात. त्या पाण्यात कान गेला तर उरतं काय? मिशा उरतात, आणि पुढून गेलेल्या माशाने पाण्यात उठवलेली बारीक हालचाल त्या मिशांना कळते, हे खरं. पण एका इंद्रियाने दुसऱ्याचं काम आयुष्यभर करावं, ही अपेक्षा आपण कुठल्या हक्काने धरतो?

मला सर्वांत अस्वस्थ केलं ते 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका साध्या प्रयोगाने. सेंट अँड्र्यूजच्याच संशोधकांनी तलावात राखाडी सीलांसाठी खाण्याच्या दोन जागा केल्या. एका जागी मासे भरपूर, दुसरीकडे बेताचे. पाण्याखालच्या स्पीकरमधून कधी खांब ठोकण्याचा, कधी भरतीच्या प्रवाहावर फिरणाऱ्या टर्बाइनचा आवाज सोडला. बेताच्या मासळीशेजारी आवाज आला तेव्हा सीलांच्या पोटात 16 ते 28 टक्के मासे कमी गेले. भरपूर मासळीशेजारी तोच आवाज लावला, तर त्यांच्या खाण्यात फरकच पडला नाही.

आवाज तोच होता आणि कानही तेच. बदलला होता तो फक्त घास. म्हणजे आवाजाच्या ठिकाणी सील टिकून राहिला, तर त्याला आवाजाचं काही वाटत नाही असं म्हणता येत नाही. कदाचित तिथला घास सोडणं त्याला परवडत नसेल. रुळांलगतच्या चाळीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला गाड्यांचा खडखडाट आवडतो, असं आपण कधी म्हणत नाही. तिथून त्याची नोकरी जवळ आहे, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. सीलाच्या बाबतीत मात्र ‘संख्या कमी झालेली नाही’ हे वाक्य आपण परवान्यासारखं वापरतो.

‘सवय होते’ हे दुसरं तसंच वाक्य. काही आवाजांची होतेही. पण अचानक, दचकवणारा आवाज वारंवार ऐकवला तेव्हा राखाडी सील सरावले नाहीत, उलट दर खेपेला आवाजापासून अधिक लगबगीने पळू लागले, हे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. जुळवून घेण्यालाही सीमा असते. अलास्काच्या उत्तर टोकाला, उत्कियाविकजवळच्या समुद्रात, दाढीवाले सील लांबलचक, वरून खाली घसरत येणारी शीळ घालतात. भोवतालचा आवाज वाढला की तेही आवाज चढवतात, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे समुद्र अधिक गोंगाटला तरी त्यांचा गळा चढत नाही. बर्फ हटतो आहे, जहाजं वाढत आहेत, आणि ही मर्यादा आहे तिथेच आहे.

वीज पवनचक्कीतून यावी, कोळशातून नको, असंच मलाही वाटतं. गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात असे प्रकल्प उभारण्यासाठी केंद्राने 2024 मध्ये अर्थसाहाय्य मंजूर केलं आहे. आपल्या किनाऱ्यांवर सील नाहीत, पण कानावर जगणारे डॉल्फिन आहेत. म्हणून हातोड्याचा प्रश्न आपल्यालाही आजच विचारायला हवा. जर्मनीने तो आधीच विचारला आहे. तिथे खांबापासून 750 मीटरवर एका घावाच्या आवाजाला 160 डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळण्यासाठी भोकं पाडलेली लांब नळी समुद्रतळावर खांबाभोवती गोल पसरतात आणि तिच्यातून दाबाखालची हवा सोडतात. तळापासून पृष्ठभागापर्यंत बुडबुड्यांचा पडदा उभा राहतो आणि त्यातून पार जाताना आवाजाचा बराचसा जोर मोडतो. त्यासाठी वेगळं जहाज, कॉम्प्रेसर, माणसं, जादा दिवस असा खर्च येतो. तो प्रकल्पाच्या पहिल्या अंदाजपत्रकातच, पोलादाच्या आणि पात्यांच्या किमतीशेजारी मांडलेला असावा, आणि समुद्रात पहिला खांब उतरण्याआधी ती नळी तळाशी पोचलेली असावी.