काय मागू?

सप्टेंबर सरत आला की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटाच्या पट्ट्यात दोन गोष्टींची घाई असते, सोयाबीनची काढणी आणि उचलीची बोलणी. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमानं कोयत्यामागं उचल दिली की दिवाळीच्या मागंपुढं कारखाना गाठायचा आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ऊस तोडून ती फेडायची. धारूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या तात्यानंही उचल घेतली होती, तिच्यातून घरावर पत्रे टाकले होते. टोळी निघायला अजून थोडा अवकाश होता. शेतात कापून ठेवलेल्या सोयाबीनचा ढीग उचलायला तो वाकला आणि खालची घोणस पायाला डसली.

घोणशीचं विष रक्त गोठू देत नाही, आणि पुढं मूत्रपिंडावर जातं. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात, ज्याला सगळा भाग नुसतं ‘मेडिकल’ म्हणतो, तिथं त्याचं रक्त काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं ठेवलं. गोठलं नाही. सापाच्या विषावरची लस दिली, रक्त ताळ्यावर आलं, पायाची सूज ओसरू लागली. पण लघवी बंद ती बंदच. डायलिसिस सुरू झालं.

इकडं वाडीनं देव पाण्यात घातले. जो तो फोन करून तेच सांगायचा. चुलती म्हणजे नानी म्हणाली, “म्हसोबाला बकरं बोललेय, तात्या, तू उठून बस.” मेहुणी, थोरली आक्का, म्हणाली, “दाजी, बरे झालात की तुम्ही परळीला वैद्यनाथाला पायी जाणार, असं मी बोलून बसलेय.” मुकादमानं त्याच्या नावानं सत्यनारायण बोलला. खोटं कुणीच बोलत नव्हतं. नानीच्या डोळ्याला डोळा नव्हता, आक्का फोनवर हुंदके देत होती.

तात्याला मात्र ते ऐकून बरं वाटेना. त्याचा आजा लाल बावट्याचा माणूस. 1967 साली बीडनं क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षाकडून लोकसभेवर पाठवलं, त्या प्रचारात आजा गावोगाव पायी फिरला होता. घरात देव होते, पण तात्या कधी हात जोडायच्या भानगडीत पडला नव्हता. तरी त्याच्या मनात आलं ते देव आहे की नाही हे नव्हतं. त्यानं बायकोला विचारलं, “सगळेच एवढं साकडं घालायलेत, म्हंजी मी चाललो काय गं?”

ही भीती काही त्याच्या एकट्याची नव्हे. अमेरिकेत 1802 हृदयरुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, 2006 साली प्रसिद्ध झाला. बायपास होणाऱ्या काहींना सांगितलं होतं की अनोळखी लोक तुमच्यासाठी नक्की प्रार्थना करणार आहेत. त्यांच्यातल्या 59 टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली. ज्यांना ‘करतील किंवा करणारही नाहीत’ एवढंच सांगितलं होतं आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली होती, त्यांच्यात 52 टक्क्यांना. कारण छातीठोकपणे कुणालाच सांगता आलं नाही. आपण इतके का आजारी आहोत, या धसक्याचा तो परिणाम असेल, अशी एक शंका मात्र अभ्यासकांनीच बोलून दाखवली. मला ती शंका पटते. खाटेवरच्या माणसाला आपल्या प्रार्थनेतून आपली काळजीच आधी ऐकू जाते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चाचीचा फोन आला. चाची म्हणजे वाडीवर बांगड्या भरणारी म्हातारी, तात्याच्या घरामागं दोन घरं सोडून राहणारी. ती तात्याच्या बायकोला म्हणाली, “पोरी, दुआ करायला बसलेय. काय मागू?”

“बरे होऊ द्या म्हणा, चाची.”

“ते तर समदेच मागायलेत. आज अडलंय काय, ते सांग.”

बायको गप्प राहिली. असं कुणी विचारलंच नव्हतं. मग हलक्या आवाजात म्हणाली, “लघवी होईना.”

“हां. मग तेवढंच मागते.”

तात्यानं हे ऐकलं आणि दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा हसला. “म्हातारी देवाला माझी लघवी मागायलीय?” पण दुसऱ्या दिवशी चाचीनं पुन्हा विचारलं, “झाली का?” नाही म्हटल्यावर म्हणाली, “बरं, आज पुन्हा तेच मागते. पोरं जेवली माझ्याकडं. धाकट्याला खोकला हाय, काढा दिलाय.” रोजचा तिचा फोन असा. ज्या दिवशी खाटेला लावलेल्या पिशवीच्या तळाशी चहाच्या अर्ध्या कपाएवढं गढूळ पाणी जमलं, त्या दिवशी नर्सनं ते मोजून कागदावर लिहायच्या आत तात्या बायकोला म्हणाला, “चाचीला कळव की.”

महिना उलटल्यावर तो घरी आला. हाडांचा सापळा, पाय अजून काळानिळा. टोळी निघायच्या बेतात होती आणि कोयता चालवायची त्याची ताकद नव्हती. उचल अंगावर होती ती होतीच. त्यात आठवडाभरात नानी दारात येऊन बसली.

“तात्या, बकऱ्याचं कधी बघायचं? बोललेलं ठेवू नये. कोप होतो.”

दावणीला एकच शेळी, तिच्या दुधावर पोरं. तात्या चिडला. “मी बोललो होतो का?” तो सरळ नाही म्हणून मोकळा झाला, पण त्याच्या बायकोला तसं मोकळं होता येईना. पोराला जरा शिंक आली तरी तिला म्हसोबा आठवू लागला. नवस बोलणारा जीव हलका करून घरी जातो आणि ज्याच्या नावानं बोलला त्याच्या घरात तो भीती होऊन राहतो, हे मी आमच्या भागात फार पाहिलंय. बकरं कापणं-न कापणं बाजूला राहू द्या. ज्याच्याकडं पोट भरायला नाही, त्याच्या अंगावर आपण देवाचीही उचल चढवतो.

बायको चाचीकडं गेली. म्हणाली, “तुम्हीबी काही बोलला असाल. एकदाच सगळ्यांचं फेडून टाकते, सांगा.”

चाची बांगड्यांची पेटी पुसत होती. “तीन रोजे बोलले होते. दोन झाले, एक राहिलाय.”

“ते मी कसे करू?”

“तू का करशील, येडे? तोंड माझं, बोल माझा. तुझ्या दारी कशाला मागायला येऊ?”

तिथून बायको तडक नानीच्या घरी गेली. “नानी, माया तुमची, ती आमच्यापाशी आहे. बोल पण तुमचाच आहे. द्यायचं ते तुमच्यातलं द्या.”

नानीला फार लागलं. दोन दिवस ती बोलली नाही. तिच्याकडं बकरं कुठलं, निराधाराच्या पगारावर चूल पेटणारी बाई ती. तिसऱ्या दिवशी आपलं अंथरूण घेऊनच तात्याच्या घरी आली. सुनेला म्हणाली, “तू भावाच्या टोळीत जा, अर्धा कोयता म्हणून. थोडीतरी उचल फिटंल. मी पोरांच्या आन् याच्या भाकरी बघते. म्हसोबाला सांगून आलेय, बकऱ्याच्या जागी हे घे म्हणून.” पट्टा पडेपर्यंत नानीनं ते घर सांभाळलं. पहाटे उठायची, तात्याला बिनमिठाचं वेगळं करायची, आणि कधी कधी तो तिच्या हातचं निमूटपणे खाताना तिला म्हणायचा, “नाने, तुझ्या म्हसोबाला सांग, थोडं मीठ सुटू दे.”

दुसऱ्या पावसाळ्यात आक्काच्या नवऱ्याला ताप भरला. कमी होईना म्हणून त्यालाही मेडिकलला नेलं. तात्या भेटायला गेला तर आक्का वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसलेली. त्याला पाहून तिनं तोंड फिरवलं. मुकादमाचा सत्यनारायण, नानीचं बकरं, सगळ्याचं काहीतरी झालं होतं. परळीची वारी तेवढी राहिली होती. गेल्या साली तात्यानं तिलाही साफ सांगितलं होतं, मी बोललो नाही, मी जाणार नाही.

तो तिच्याशेजारी खाली बसला. “आक्का, मला देवाला मागता येत नाही. पण तुमचं काय अडलंय ते सांगा. रक्त पाहिजे, पैसा पाहिजे, रात्री बसायला माणूस पाहिजे, काय?”

बराच वेळ ती पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, “दाजी, रक्तबिक्त काही नको. ती परळीची वारी राहिली म्हणून हे झालं, असं मनातून जाईना. डॉक्टर म्हणतेत उतरंल ताप, पण मला झोप येईना.”

तात्याच्या ओठावर उत्तर आलं होतं. देव असा माणसाच्या वाटेवर दबा धरून बसत नाही, हे तो तिला समजावून सांगू शकला असता, आणि त्यात चूक काही नव्हतं. पण त्यानं विचारलं होतं काय अडलंय, आणि तिनं खरं ते सांगितलं होतं.

“मी रात्री हितंच बसतो, तुम्ही पडा जरा,” तो म्हणाला. “पहाटे निघतो.”

अंबाजोगाईहून परळी पंचवीसेक किलोमीटर. घोणशीचा पाय अजून दुपारनंतर सुजायचा, म्हणून तो थांबत थांबत गेला. वैद्यनाथाच्या पायऱ्यांशी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. चपला काढल्या, पाय चोळले आणि वर जायच्या आधी फोन लावला.

“आक्का, पोचलो. आता आत जाऊन काय मागू, ते नीट सांगा.”

“तापाचं राहू द्या, दाजी. दुपारपासून उतरलाय,” आक्का म्हणाली. “अन्न जाईना त्यांना. तेवढं बघा.”