सही नसलेला राजा

दापोडीहून चिंचवडकडे निघालं की स्वीडिश नावं अंगवळणी पडलेली असतात: अॅटलास कॉप्को, अल्फा लावल, सँडविक, एसकेएफ. त्या देशाचा राजा कोण, हे मात्र टपरीवर कुणाला सांगता येणार नाही. सांगितलंच तर प्रश्न ठरलेला: ‘पॉवर नाय, तर पगार कशाचा?’

प्रश्न रास्त आहे. कार्ल सोळावे गुस्ताव १५ सप्टेंबर १९७३ रोजी सत्ताविसाव्या वर्षी गादीवर आले. स्वीडनमध्ये इतकी वर्षं दुसरं कुणीच राजा राहिलेलं नाही. पण १९७५ उजाडताच नवी राज्यघटना लागू झाली. पंतप्रधान नेमण्याचं काम संसदेच्या सभापतीकडे गेलं, कायद्यावर राजाची सही लागेनाशी झाली. आपल्या पट्ट्यात गेटपासवर सही नसेल तर नटबोल्टसुद्धा बाहेर जात नाही. तिथे राजाच्या सहीवाचून अख्खा देश चालू लागला. १९८० मध्ये थोरलं अपत्य, मुलगा असो वा मुलगी, वारस ठरलं आणि काही महिन्यांच्या मुलाचं युवराजपद थोरल्या व्हिक्टोरियाकडे गेलं. राजांना ते रुचलं नव्हतं, तसं ते बोललेही. पण पाळलं.

आपल्याकडे याहून धीट माणूस होऊन गेला, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. (सांगवीपलीकडचं औंध नव्हे, साताऱ्याकडचं.) गादीवर आल्यावर वर्षभरातच, १९१० मध्ये, त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली, लोखंडी नांगर घडू लागले. मराठी कारखानदारीची वंशावळ मांडायची तर त्या माळाला वगळता येत नाही. जानेवारी १९३९ मध्ये तर त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने घटना करून कारभारच प्रजेच्या हाती सोपवला. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली.

कुणी म्हणेल, मूठभर गावांचं संस्थान, वर इंग्रज बसलेला. सोडायला होतं काय? मग इतर शेकडो संस्थानिकांनी तेवढं तरी का सोडलं नाही? आमच्याकडे नगरसेवकपद गेलं तरी गाडीवरची पाटी उतरत नाही.

भवानरावांनी आपणहून दिलं, म्हणून माझं माप त्यांच्याच पारड्यात. पण सोडणं एका सहीत होतं. सोडल्यावर पन्नास वर्षं त्याच खुर्चीत बसून, दुसऱ्यांनी निवडलेल्यांना दर १० डिसेंबरला नोबेल पदकं देत राहणं, ती परीक्षा औंधच्या राजांवर आलीच नाही. १९४८ मध्ये संस्थानच विलीन झालं.