गणवेश उतरवल्यानंतरचे कार्टर

जिमी कार्टर यांच्या आयुष्याचे दोन तुकडे पाडायची सवय अमेरिकेतल्या पत्रकारांना केव्हाच लागली. १९७७ ते १९८१ या काळातले अपयशी राष्ट्राध्यक्ष हा एक तुकडा, आणि नंतरच्या चार दशकांतले जगाने डोक्यावर घेतलेले माजी राष्ट्राध्यक्ष हा दुसरा. ही वाटणी सोयीची आहे, पण तिच्यात एक तारीख बसत नाही. ऑक्टोबर १९५३ मध्ये एकोणतीस वर्षांच्या लेफ्टनंट कार्टरनी अमेरिकी नौदल सोडले आणि ते जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या सहा-सातशे वस्तीच्या गावी परतले. कार्टर समजून घ्यायचे तर तिथून सुरुवात करायला हवी. नौदलातल्या शिस्तीचे पुढे काय झाले आणि त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेने तिला कुठे वळवले, या प्रश्नाच्या उत्तरात त्यांचे यश सापडते आणि अपयशही.

भुईमूग पिकवणाऱ्या घरातला हा मुलगा १९४६ मध्ये अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडला. प्रशांत महासागरातल्या ‘पॉम्फ्रेट’ पाणबुडीवर त्याने काम केले, पुढे ‘के-१’वर. मग नौदल अधिकारी हायमन रिकोव्हर यांनी त्याची निवड अणुपाणबुडीच्या कार्यक्रमासाठी केली. रिकोव्हर मुलाखती घेत त्या उमेदवाराला घाम फोडणाऱ्या. अकादमीत तू तुझे सर्वोत्तम दिलेस का, असे त्यांनी विचारले. नेहमी नाही, असे कार्टरनी कबूल केले. त्यावर रिकोव्हर यांनी एवढेच विचारले, की का नाही? हा प्रश्न कार्टरना इतका झोंबला, की राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर १९७५ मध्ये काढलेल्या आत्मकथनाचा मथळा त्यांनी त्यावरूनच घेतला.

डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हर इथल्या अणुभट्टीत अपघात झाला आणि गाभ्याचा काही भाग वितळला. ती सुटी करण्याच्या कामावर कार्टर यांची तुकडी पाठवली गेली. किरणोत्साराची पातळी अशी, की एका माणसाला आत जेमतेम दीड मिनिट थांबता येई. म्हणून जवळच्या टेनिस कोर्टवर अणुभट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारली होती. कोणता बोल्ट कोण काढणार, हे जवान तिच्यावर पुन्हा पुन्हा घोटत आणि मगच आत उतरत. आत एक बोल्ट निघाला की बाहेरच्या प्रतिकृतीवरचा तोच बोल्ट काढला जाई, म्हणजे पुढच्याने काय करायचे याचा हिशेब चुकत नसे. नंतर कित्येक महिने कार्टर यांच्या लघवीत किरणोत्साराचे अंश सापडत राहिले. या प्रसंगातल्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे महत्त्वाची आहे ती कामाची रीत. आधी पूर्ण तालीम करायची, काम लहान तुकड्यांत वाटायचे, प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवायची.

१९५३ च्या उन्हाळ्यात वडील अर्ल कार्टर कर्करोगाने अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवसांत त्यांना भेटायला माणसांची रीघ लागली. कुणाचे कर्ज त्यांनी सोडून दिले होते, कुणाच्या घरी गुपचूप मदत पोहोचवली होती. हेच अर्ल वर्णभेदाचे पक्के समर्थक होते, पण कृतज्ञतेने येणाऱ्यांत कृष्णवर्णीयही होते. आपण नौदलात कितीही वर चढलो तरी आपल्या मागे इतक्या लोकांना असे वाटेल का, हा विचार मुलाच्या मनातून जाईना. त्याने राजीनामा दिला. पत्नी रोझालिन भयंकर संतापल्या. नौदलाने त्यांना जग दाखवले होते आणि आता पुन्हा तेच खेडे वाट्याला येणार होते. सुरुवातीला राहायला सरकारी वसाहतीतले घर मिळाले. पहिल्या वर्षी दुष्काळ पडला आणि भुईमुगाच्या बियाण्यांचा धंदा जवळजवळ कोरडाच राहिला.

सैनिकाच्या श्रद्धेची गोष्ट बहुतेक वेळा एकाच साच्यातून येते. आधी युद्ध, मग उद्ध्वस्त मन, मग प्रभूची हाक आणि नवा माणूस. कार्टर या साच्यात मावत नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा अकराव्या वर्षीच झाला होता. अकादमीत शिकत असतानाही ते नौदलातल्या कुटुंबांच्या मुलांना संडे स्कूलमध्ये शिकवत. श्रद्धा गणवेशात होतीच. तिची खरी परीक्षा मात्र गणवेश उतरल्यावर सुरू झाली. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ मध्ये सैन्यदलांतला वर्णभेद बंद करण्याचा आदेश काढला होता. ‘के-१’च्या खलाशांना एका ब्रिटिश वसाहतीत मेजवानीचे आमंत्रण आले, पण फक्त गोऱ्यांना. तेव्हा सगळ्यांनीच ते नाकारले होते. प्लेन्समध्ये असा आदेश नव्हता आणि अशी जहाजावरची सोबतही नव्हती. गावातल्या गोऱ्यांनी वर्णभेद टिकवण्यासाठी ‘सिटिझन्स कौन्सिल’ काढले, तेव्हा वर्गणी भरायला नकार देणारा गोरा व्यापारी म्हणून कार्टर एकटे पडले आणि काही काळ त्यांच्या दुकानावर बहिष्कारही आला. १९६५ मध्ये प्लेन्स बाप्टिस्ट मंडळीने कृष्णवर्णीयांना उपासनेला येऊ द्यायचे नाही असा ठराव आणला. कार्टर उभे राहून विरोधात बोलले. मतदानात त्यांच्या कुटुंबाबरोबर मोजकेच हात वर गेले.

मग १९६६ मध्ये गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत ते हरले. ज्यांनी ती निवडणूक शेवटी जिंकली ते लेस्टर मॅडॉक्स कट्टर वर्णभेदवादी होते. कार्टर पार कोलमडले. बहीण रूथशी झालेल्या बोलण्यातून ते पुन्हा प्रार्थनेकडे वळले आणि या काळाबद्दल पुढे ‘नव्याने जन्म’ हे शब्द वापरू लागले. पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन गावी आणि नंतर मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला ते दारोदार फिरून सुवार्ता सांगू लागले. स्प्रिंगफील्डच्या पोर्तो रिकन वस्तीत त्यांच्याबरोबर एलॉय क्रूझ नावाचे क्यूबन पाळक होते. देवावर प्रेम करा आणि या क्षणी समोर असलेल्या माणसावर करा, अशा अर्थाचे त्यांचे सांगणे कार्टर जन्मभर सांगत राहिले.

इथवरची गोष्ट चढत्या भाजणीची वाटते, पण १९७० ची निवडणूक तिला खीळ घालते. त्या प्रचारात कार्टरनी वर्णभेदवादी मतदारांना चुचकारले आणि त्यांच्या मतांवर ते गव्हर्नर झाले. जानेवारी १९७१ मध्ये शपथ घेतल्यावर लगेच वांशिक भेदभावाचे दिवस संपले असे जाहीर करून त्यांनी त्याच मतदारांना धक्का दिला. त्यांचे चाहते याला चातुर्य म्हणतात. ज्याने पाच वर्षांपूर्वी स्वतःच्या मंडळीत ठरावाविरुद्ध हात वर केला होता, त्याने सत्तेसाठी तो हात काही महिने खिशात घातला, असेही म्हणता येते. दुसरे वाक्य अधिक खरे आहे.

राष्ट्राध्यक्षपदाच्या काळातही श्रद्धा आणि सत्ता यांच्यातली हीच फट दिसते. धर्म आणि शासन वेगळे ठेवण्याची जुनी बाप्टिस्ट परंपरा त्यांनी इमाने पाळली. निक्सन व्हाइट हाउसमध्ये उपासना भरवत, कार्टरनी ती प्रथा चालू ठेवली नाही. ते वॉशिंग्टनमधल्या चर्चमध्ये जात आणि अधूनमधून तिथे शिकवत. पण मानवी हक्कांची भाषा बोलणाऱ्या या माणसाने १९७७ च्या अखेरच्या रात्री तेहरानमध्ये इराणच्या शहांच्या राजवटीला स्थैर्याचे बेट म्हणून गौरवले आणि तिथून ते थेट दिल्लीला आले. पूर्व तिमोरमध्ये इंडोनेशियाच्या सैन्याकडून कत्तली चालू असताना त्या देशाला शस्त्रे त्यांच्याच सरकारने पुरवली. श्रद्धा माणसाला नम्र करू शकते, पण परराष्ट्र धोरणातली चूक दाखवून देण्याची हमी तिच्यात नसते. चॉक रिव्हरला प्रत्येक बोल्टची नोंद होती. तिमोरच्या बाबतीत वॉशिंग्टनमध्ये अशी नोंद ठेवायची इच्छाच कुणाला नव्हती.

१९८० मध्ये ते हरले. ज्या इव्हँजेलिकल मतदारांनी त्यांना आपले मानले होते, त्यांतले असंख्य रेगनकडे गेले. घरी परतले तेव्हा भुईमुगाचा धंदा दहा लाख डॉलरच्या कर्जात होता. तो विकून त्यांनी पुस्तके लिहायला घेतली. कंपन्यांच्या संचालक मंडळांवरच्या खुर्च्या त्यांनी स्वीकारल्या नाहीत.

इथे ती नौदलातली रीत परत दिसू लागते. १९८२ मध्ये अटलांटात कार्टर सेंटर उभे राहिले आणि १९८६ पासून त्याने नारूचा पाठलाग सुरू केला. महाराष्ट्रातल्या वडीलधाऱ्यांना नारू वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पायऱ्यांच्या विहिरीतले पाणी प्यायलेल्या माणसाच्या पायातून वर्षभराने हातभर लांब जंत बाहेर पडे आणि तो काडीभोवती रोज थोडा थोडा गुंडाळत काढावा लागे. त्यावर ना लस, ना औषध. १९८६ मध्ये जगात सुमारे ३५ लाख माणसांना तो होता. त्याच्याशी लढायचे तर पाणी गाळायचे, रुग्णाला पाण्यात उतरू द्यायचे नाही आणि गावोगाव प्रत्येक रुग्ण मोजायचा. भारताने हे काम १९८३-८४ पासून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून स्वतःच केले. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. कार्टर सेंटरची खरी कसोटी आफ्रिकेत होती. १९९५ मध्ये सुदानमध्ये यादवी चालू होती. लढणाऱ्या दोन्ही बाजूंशी बोलून कार्टरनी युद्धविराम घडवला आणि तो जवळजवळ सहा महिने टिकला, तेवढ्यात आरोग्यसेवकांना गाळणीची फडकी घेऊन गावांत शिरता आले. दीड मिनिटात एक बोल्ट काढणाऱ्या माणसाला अशा कामाची घाई नसते, पण ते अर्धवट ठेवणेही जमत नाही.

महाराष्ट्राचा या घराशी याआधीच संबंध आला होता. कार्टर यांच्या आई लिलियन परिचारिका होत्या. १९६६ मध्ये वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारी सेवासंस्थेच्या स्वयंसेविका म्हणून त्या विक्रोळीला आल्या आणि गोदरेज वसाहतीतल्या दवाखान्यात त्यांनी कुष्ठरुग्णांचीही शुश्रूषा केली. चाळीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्यांचा मुलगा ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’च्या स्वयंसेवकांबरोबर लोणावळ्याजवळच्या मळवलीत शंभर घरे बांधायला आला. तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. ख्रिस्ती सेवा म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न धर्मांतराचा येतो आणि त्याला इतिहासाचे कारणही आहे. म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. हॅबिटॅटच्या मूळ पद्धतीत घर फुकट मिळत नाही. ते घेणाऱ्याने स्वतः बांधकामावर राबायचे आणि नफा न आकारता दिलेले कर्ज फेडायचे, मग त्याचा धर्म कोणताही असो. स्प्रिंगफील्डला दारोदार सुवार्ता सांगणाऱ्या कार्टर यांच्या हातात इथे हातोडा होता. सुवार्ता त्यांनी सोडली नव्हती, पण घराच्या अटीत ती घातली नव्हती.

आपल्याच पंथाशीही त्यांनी हिशेब केला. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनने २००० मध्ये पत्नीने पतीच्या अधीन राहावे हे तत्त्व कायम ठेवले आणि स्त्रियांना पाळकपद नाकारले, तेव्हा आयुष्यभराचा संबंध त्यांनी जाहीरपणे तोडला. प्लेन्समधली मरनाथा मंडळी मात्र सोडली नाही. हीच मंडळी १९७७ मध्ये वर्णभेदाच्या वादातून जुन्या चर्चपासून वेगळी झालेली होती. तिथे ते नव्वदी उलटल्यावरही रविवारी शिकवत. तिथला क्रूस आणि दानाची ताटे त्यांनी स्वतः लाकडात घडवली होती आणि आवारातले गवतही कापले होते.

२९ डिसेंबर २०२४ रोजी शंभराव्या वर्षी ते गेले. वॉशिंग्टनमध्ये अंत्ययात्रा नौदलाच्या स्मारकापाशी मुद्दाम थांबवली गेली. नारूचा शेवटचा जंत आपल्याआधी मरावा, अशी इच्छा त्यांनी २०१५ मध्ये, स्वतःला कर्करोग असताना, बोलून दाखवली होती. ती पुरी झाली नाही. २०२४ मध्ये जगभरात १५ माणसांना नारू झाला. चाडमध्ये तो कुत्र्यांतही पसरला आहे आणि त्यामुळे मोहीम लांबली आहे. तिथल्या नदीकाठच्या गावांत लागण झालेले कुत्रे बांधून ठेवणाऱ्याला आणि खबर देणाऱ्याला बक्षीस मिळते. प्रत्येक कुत्र्याची नोंद होते.