हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की मी चित्रगुप्ताचा मदतनीस होतो. पेन्शनर मंडळी ‘आम्ही अजून आहोत’ हे सांगायला बँकेत येतात आणि मी त्यांच्या हयातीवर शिक्का मारतो. २०१४ पासून हे काम अंगठा टेकवून यंत्रावरही होतं. पण यंत्र ‘काय, तब्येत बरी ना?’ असं विचारत नाही. मी विचारतो आणि पस्तावतो.

परवा एक निवृत्त साहेब आले. साखर, रक्तदाब, थायरॉईड, सगळ्यांचे अहवाल फायलीत तारीखवार. “तब्येतीचं काही खरं नाही हो,” म्हणाले आणि तुरुतुरु जिना उतरून गेले. त्यांच्यामागे एक जुने गिरणी कामगार. पेन्शन भविष्य निर्वाह निधीची, २०१४ साली ठरलेली किमान, म्हणजे महिना हजार रुपये. डोळ्यात मोतीबिंदू, बोलताना धाप. म्हणाले, “मला काय धाड भरलीय! ठणठणीत आहे.”

मी कॉमर्सवाला. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत की मला जेवण जात नाही. अमर्त्य सेन यांनी २००२ साली हेच कोडं मांडलं होतं : केरळात माणसं जास्त जगतात, आणि आजाराच्या तक्रारीही तिथेच जास्त, बिहारात आयुष्य कमी, तक्रारीही कमी. शाळा-दवाखाना जवळ असला की दुखण्याला नाव मिळतं; नसला की त्यालाच ‘वय’ म्हणतात.

म्हणजे साहेब खोटं बोलत नव्हते. त्यांना दुखणं परवडत होतं. कामगाराने ‘दुखतंय’ म्हटलं, तर डॉक्टर आला, औषध आलं, सुनेचा चेहरा आला. त्यापेक्षा ठणठणीत असणं स्वस्त.

माझ्या आईलाही वर्षानुवर्षं काही दुखत नव्हतं. ‘जुनं हाड!’ म्हणून आम्ही कौतुक करायचो. बहिणीचं लग्न झालं, घराचं कर्ज फिटलं, आणि त्याच महिन्यात तिचे गुडघे दुखू लागले. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, “इतकी वर्षं काय करत होतात?”

काय करत होतो? आईच्या शब्दावर विश्वास ठेवत होतो. तो सोयीचा होता ना!

म्हणून त्या कामगाराला मी शिक्क्याआधी खुर्ची दिली. ते टेकले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “तसा गुडघा जरा...” मागच्या रांगेने खाकरून हरकत घेतली.

“बोला काका,” मी म्हटलं, “नोव्हेंबर संपायला अजून अवकाश आहे.”