गायकाचा चेहरा आणि कथेचा हक्क

एका कलेंत मिळविलेली कीर्ति दुसऱ्या कलेच्या बाजारांत वटविणें न्याय्य आहे काय? अमेरिकेंतील ‘वेस्टर्न’ चित्रपटांनीं, म्हणजे घोडेस्वार, पिस्तुलें व सरहद्दीवरचीं गांवें यांच्या कथांनीं, हा प्रश्न मोठ्या रोकठोकपणें पुढें मांडला. १९५० नंतर लोकप्रिय गायकांस अशा चित्रपटांत भूमिका देण्याची तेथें वहिवाटच पडली. जन्मभर अभिनय शिकलेल्या नटाचा घास तबकड्या विकणाऱ्याच्या मुखीं कां जावा, असा यावर आक्षेप आहे.

आक्षेप वजनदार खरा. पण भूमिका हें नटाचें वतन नव्हे. तिच्यावर पहिला हक्क कथेचा. तेव्हां कोण कोणासाठीं वांकलें, एवढेंच विचारावें, असें आम्हांस वाटतें.

१९५६ चा ‘लव्ह मी टेंडर’ घ्या. यादवी युद्धानंतरच्या एका कुटुंबाची ही शोककथा. तिचें मूळचें नांव ‘द रेनो ब्रदर्स’. एल्व्हिस प्रेस्लीचें गाणें गाजतांच चित्रपटाचें त्यावरून पुन्हा बारसें झालें, आणि १८६५ च्या सुमाराचा शेतकरी तरुण १९५६ च्या ढंगानें कंबर हलवून गाऊं लागला. येथें कथा वांकली. त्या तरुणाच्या मृत्यूचें दुःखहि एल्व्हिसच्याच खातीं जमा होतें. (अर्थात् करुण प्रसंगींहि पदाला ‘वन्स मोअर’ देणाऱ्या आम्हां मराठी प्रेक्षकांनीं यावर फार हंसूं नये.)

उलट १९५९ चा ‘रिओ ब्राव्हो’. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यानें अठरा वर्षांचा रिकी नेल्सन घेतला तो मुख्यतः त्याच्या लोकप्रियतेसाठीं. परंतु त्याला बोलावयास थोडें दिलें, आणि मितभाषीपणा हाच त्या पात्राचा स्वभाव ठरविला. डीन मार्टिनची गोष्ट त्याहून विशेष. हातांत पेला घेऊन बेफिकीर मद्यप्याचें सोंग करणारा हा गायक. हॉक्सनें त्याला दारूनें खरोखरच नासलेला माणूस केलें. प्रारंभीं एक शब्दहि न बोलतां तो पिकदाणींत फेकलेलें नाणें उचलावयास वांकतो. पुढें त्याच्या थरथरत्या हातांना सिगारेट वळतां येत नाहीं. जॉन वेन ती वळून देतो. ज्या सोंगावर लोक हंसत, त्याचीच येथें लाज वाटूं लागते. शिक्षित नटालाहि हें साधलें असतें. पण हंसण्याचें तें पूर्वींचें ऋण त्याच्या डोक्यावर नव्हतें, आणि तें फेडल्याचें समाधानहि त्याला देतां आलें नसतें. तुरुंगांत शत्रूची वाट पाहत दोघे गातात, तें गाणें धंद्यासाठीं घातलें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. तरी वाट पाहणारीं माणसें गातातच. आणि वेन गात नाहीं, नुसता उभा राहून ऐकतो, यांत तारतम्य आहे.

बॉब डिलनचा मासला मात्र आमच्या मापांत नीट बसत नाहीं. सॅम पेकिन्पाच्या १९७३ च्या ‘पॅट गॅरेट अँड बिली द किड’मध्यें त्याची भूमिका अगदींच तोकडी आहे. पण नदीकांठीं एक म्हातारा शेरीफ मरणाच्या दारीं बसलेला असतो, त्याची बायको दुरून पाहत असते, आणि पार्श्वभूमीला डिलनचा आवाज येतो. चित्रपटांतला सर्वांत हृदयस्पर्शी प्रसंग तोच. त्या वेळीं डिलन पडद्यावर नाहीं.