डबल बासपासून ऐक

भवानीनगर, ता. इंदापूर

चि. सानिकास अनेक आशीर्वाद.

झुबिन मेहतांची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पाठवून तू विचारलंस, "नाना, हे नुसते हात हलवतात, मग यांचं एवढं नाव कशाला?" प्रश्न चांगला आहे, चित्रफीत कुचकामी. त्यापेक्षा मालरची दुसरी सिम्फनी ऐक. वाद्यवृंद व्हिएन्ना फिलहार्मोनिक, संचालक मेहता, डेक्का कंपनीचं १९७५ चं ध्वनिमुद्रण. ऐंशी मिनिटं लागतात. मोबाइलच्या स्पीकरला खर्ज झेपत नाही, तेव्हा बरे इअरफोन घाल.

मेहता मुंबईचे, जन्म १९३६ चा. वडील मेहली व्हायोलिनवादक. बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा त्यांनीच उभा केला. झुबिन डॉक्टरकीच्या वाटेवर होते, ती सोडून १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले. हान्स स्वारोव्स्कींकडे संचालन शिकले आणि सोबत डबल बासही. 'आपला मुंबईकर' यापेक्षा मला हा डबल बास महत्त्वाचा वाटतो. सिम्फनीच्या सुरुवातीलाच वर व्हायोलिनं थरथरत असतात आणि खालून चेलो नि डबल बास तुटून पडतात. स्वतः ते वाद्य धरलेला माणूसच त्यांना इतकं मोकळं सोडतो, असं माझं मत. पुरावा मागू नकोस.

ध्वनिमुद्रण झालं व्हिएन्नाच्या सोफियनझालमध्ये. ते सभागृह मुळात स्नानगृह. हिवाळ्यात पोहण्याचा हौद झाकून वर नाच चालायचे. जमिनीखालच्या त्या पोकळीमुळे खर्जाला घुमारा यायचा, म्हणून डेक्काचा तिथे वर्षानुवर्षं मुक्काम होता. २००१ मध्ये आगीत त्याचं मोठं नुकसान झालं.

चौथ्या भागात क्रिस्टा लुडविग गातात. तिथे मी काही सांगत नाही. शेवटचा भाग अर्ध्या तासाहून मोठा. त्यात काही तुताऱ्या नि हॉर्न मंचाबाहेरून, लांबून वाजतात. बेलवाडीच्या रिंगणाला पालखी दिसायच्या आधीच सणसरकडून टाळ ऐकू येतात ना, तसे. मग समूहगान सुरू होतं, अगदी कुजबुजत. आवाज वाढवायचा मोह होईल, वाढवू नकोस. एवढा मोठा ताफा समोर असताना त्याला दाबून धरायचं, शेवटचा कडेलोट येईपर्यंत काही शिल्लक ठेवायचं, हे त्या हलणाऱ्या हातांचं काम.

आणि हो, पहिल्या भागानंतर किमान पाच मिनिटं थांबावं, असं मालरने स्वतः लिहून ठेवलंय. तेवढ्यात चहा टाकून घे.

तुझे
नाना