राष्ट्र निष्काम असू शकते काय?

एखादे बलाढ्य राष्ट्र जगाचे नेतृत्व आपल्या लाभासाठी नव्हे, तर जगाच्या हितासाठी पत्करत आहे, असे जेव्हा त्याचा नेता सांगतो, तेव्हा त्या म्हणण्याची पारख कशी करावयाची, हा प्रश्न राजकारणात उद्भवत असला तरी मुळात नीतिशास्त्राचा आहे. पुण्यात १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी लोकसंग्रहाची, म्हणजे फलाची आसक्ती सोडून समाजाचे धारण-पोषण करणाऱ्या कर्माची, जी मीमांसा केली, ती प्राधान्याने कर्त्या व्यक्तीला उद्देशून होती, परंतु पुढे चारच वर्षांनी अशीच ग्वाही एका राष्ट्राच्या वतीने देण्याची वेळ खुद्द टिळकांवर आली.

अशी ग्वाही देणाऱ्या बलाढ्य राष्ट्राच्या नेत्यांपैकी वुड्रो विल्सन हे १९१६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे दुसऱ्यांदा उमेदवार झाले, तेव्हा देशाला महायुद्धापासून दूर ठेवल्याचे श्रेय त्यांचा पक्ष मिरवीत होता, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ते स्वतः, जगाची शांतता राखणारा राष्ट्रांचा संघ निघाल्यास अमेरिकेने त्यात सामील व्हावे, असे प्रतिपादन करीत होते. प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाच्या घरात वाढलेल्या या गृहस्थाला आपल्या राष्ट्राचे कार्य ईश्वरी योजनेतले वाटे, आणि त्यात ढोंग नव्हते असे मानण्यास हरकत नाही. मात्र त्यांच्याच कारकिर्दीत १९१५ साली हैतीत आणि १९१६ साली डोमिनिकन प्रजासत्ताकात अमेरिकी फौजा उतरल्या होत्या.

टिळकांची १९१८ च्या दिल्ली काँग्रेसच्या अध्यक्षपदी निवड झाली होती. पण ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी ते लंडनला गेल्यामुळे ते पद पंडित मदनमोहन मालवीय यांच्याकडे गेले. त्या अधिवेशनाने पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावे सुचविली, तरी सरकारने टिळकांना तेथे जाऊ दिले नाही, म्हणून त्यांनी फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमान्सो व विल्सन यांच्याकडे हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाची लेखी मागणी केली. हिंदुस्थान स्वयंपूर्ण आहे, त्याला परक्या मुलखाचा लोभ नाही, त्याचा विस्तार, साधनसंपत्ती व लोकसंख्या पाहता तो आशियातील अग्रेसर सत्ता होऊ शकेल आणि पूर्वेकडे शांततेचा रखवालदार म्हणून राष्ट्रसंघाच्या उपयोगी पडेल, असा त्या मागणीला दिलेला आधार होता. विल्सन यांच्या चिटणिसाने, हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचा विचार संबंधित अधिकारी यथाकाल करतील, एवढेच कळविले.

टिळकांच्या मागणीतील न्याय निर्विवाद आहे. तिला दिलेला आधार मात्र ‘गीतारहस्या’च्या कसोटीला पुरता उतरत नाही. हिंदुस्थानला लोभ नाही कारण त्याला बाहेरचे काही लागत नाही, हा युक्तिवाद गरज नसण्याचा आहे, वैराग्याचा नव्हे. आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायातच बजावले आहे की, निराहारी माणसाचे विषय सुटले तरी त्यांची गोडी मागे उरते. भरपूर शेतजमीन आणि दोन महासागरांचे कुंपण लाभलेल्या अमेरिकेलाही स्वतःच्या निरिच्छपणाचा असाच भरवसा वाटत होता.

येथे ‘गीतारहस्या’तील एक उदाहरण उपयोगी पडते, आणि योगायोगाने तेही अमेरिकेचेच आहे. एका मोठ्या शहरात ट्रामगाडी सुरू व्हावयाची होती. सरकारी मंजुरी लांबत चालली, तेव्हा व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन काम उरकून घेतले. ट्राम लोकांच्या सोयीची ठरली, तरीही त्याच्यावर खटला होऊन त्याला शिक्षा झाली. पुष्कळांचे पुष्कळ सुख, हे आधिभौतिकवाद्यांचे, म्हणजे बाह्य परिणामांवरून नीती ठरविणाऱ्यांचे, माप अपुरे पडते आणि कर्त्याची बुद्धी शुद्ध होती की नाही हे आधी पाहावे लागते, असा निष्कर्ष टिळकांनी त्यावरून काढला. व्यक्तीच्या बाबतीत तो पटतो. राष्ट्राची बुद्धी मात्र पाहावी कोठे? ती अध्यक्षाच्या भाषणात आहे, आरमाराच्या हुकुमात आहे की मतदाराच्या मनात, हे कोणालाच निश्चित सांगता येत नाही, आणि राष्ट्राला अंतःकरण आहे असे समजून त्याच्या सद्भावाचा दाखला त्याच्याच मुखाने मान्य करणे म्हणजे आरोपीलाच साक्षीदार करणे होय.

पॅरिसमध्ये ११ एप्रिल १९१९ रोजी याचे प्रत्यंतर आले. राष्ट्रसंघाच्या घटनेत राष्ट्रांच्या समानतेचे तत्त्व घालून वंशभेदाला आळा घालावा, या जपानच्या सूचनेला समितीतील १७ पैकी ११ मते पडली असता, अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सन यांनी एकमत नाही म्हणून ती नामंजूर ठरविली. अशा नियमाचा आग्रह प्रत्येक ठरावाच्या वेळी धरला गेला नव्हता.

टिळकांनी एप्रिल १९२० मध्ये काँग्रेस लोकशाही पक्षाचा जो जाहीरनामा काढला, त्यात राष्ट्रसंघाचे स्वागत आहे, पण ते कोणा राष्ट्राच्या सद्बुद्धीवर विसंबून केलेले नाही. शांतता राखणे, राष्ट्रांचे स्वातंत्र्य सांभाळणे आणि एका देशाकडून दुसऱ्याची होणारी पिळवणूक थांबविणे यांचे साधन म्हणून ते केले आहे. निष्काम कर्माच्या भाष्यकाराने राष्ट्रांच्या व्यवहारात हेतूची चौकशी सोडून बंधनाची मागणी करावी, हा बदल ग्रंथातील सिद्धांतापेक्षाही महत्त्वाचा मानावा लागेल, जरी त्याची तात्त्विक मांडणी त्यांच्या हातून झाली नाही. त्याच वर्षी १ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. अमेरिकी सिनेटने तर त्याआधीच, १९ मार्चला, राष्ट्रसंघाची घटना ज्यात होती तो शांतता करार दुसऱ्यांदा फेटाळून संघाबाहेर राहण्याचा मार्ग पत्करला होता. आणि संघाच्या मंडळाचे बहुतेक निर्णय एकमतानेच व्हावयाचे असल्यामुळे, जे सभासद झाले त्यांच्यातील बलाढ्यांनाही बांधून ठेवणे त्या संघाला दुरापास्तच होते.